दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

अमेरिकेत कॅरी नावाच्या गावी गेलो तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. नवऱ्याला नोकरी होती, मला फक्त व्हिसा, आणि त्या व्हिसावर काम करायला बंदी. म्हणजे सरकारी शिक्क्याची रिकामटेकडी! तो सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला, की घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मधूनमधून घुरघुरायचा. मी "हो का?" म्हणायचे.

लायब्ररी चालत जाण्याइतकी जवळ होती. पायी चालणारी बाई दिसली की लोक गाडी हळू करून बघायचे. लायब्ररीत दर बुधवारी सकाळी वाचकांचा गट जमे. बहुतेक निवृत्त गोऱ्या बायका, आणि एक उंच, करारी, कृष्णवर्णीय शिक्षिका, तीही निवृत्त. मी तिच्या शेजारी बसले. गट संपल्यावर ती म्हणाली, "आम्ही समोर कॉफीला जातोय. येतेस?"

मला इतका आनंद झाला, की पर्स खांद्याला लावतालावताच मी म्हणाले, "नको नको, कशाला उगीच!"

"बरं," ती म्हणाली. आणि सगळ्या निघून गेल्या.

"अगं, तूच नको म्हणालीस ना?" संध्याकाळी नवरा म्हणाला.

"अहो, पहिल्यांदा नकोच म्हणतात! लगेच हो म्हटलं तर वाटेल, बाई कॉफीला हपापलीय."

"आहेसच की."

"आहे. पण ते त्यांना कशाला कळायला हवं?"

पुढच्या बुधवारी मी स्कार्फ गुंडाळायला इतका वेळ लावला, की त्यात एखादी नऊवारी नेसून झाली असती. कुणी विचारलं नाही. त्यापुढेही नाही. समोरच्या कॉफीच्या दुकानाच्या काचेतून त्यांचं टेबल दिसायचं. त्या हसायच्या, मी घरी जायचे.

तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात, आयुष्य तिकडेच गेलेल्या एका डॉक्टर काकूंनी निदान केलं. "गोरे आपल्याला जवळ करत नाहीत. आणि त्या काळ्या लोकांपासून आपणच चार हात लांब राहावं."

"मग बोलायचं कुणाशी, काकू?"

"अगं, आपण आहोत की! भेटतो ना दर दिवाळीला."

थंडीत गटाने एक जुनी, गाजलेली अमेरिकन कादंबरी घेतली. शेतावर राबणारी माणसं, जो तो एकटा. त्यातल्या काळ्या माणसाला तर झोपायलाही वेगळी खोली. "तेव्हा तसंच होतं," बायका हळहळल्या. मी कॉलेजात एकांकिका केलेल्या, उभीच राहिले.

"तेव्हा कशाला? इथे दर बुधवारी हेच चालतं! तुम्ही तिकडे कॉफी पिता, मी एकटी घरी जाते. माझा रंग आडवा येतो, दुसरं काय?"

टाळ्यांपुरती जागा ठेवून मी थांबले. एक आजीबाई पुटपुटल्या, "आम्हाला वाटलं, तुमच्या धर्मात बाहेरचं चालत नाही."

शिक्षिकेने पुस्तक मिटलं. "मी विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"एकदाच विचारलंत!"

"माझ्याबरोबर एका टेबलावर बसायला नको म्हणणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. मी दुसऱ्यांदा विचारत नाही."

मी खाली बसले. काकू मराठीत बोलल्या होत्या. पण ते वाक्य या बाईने केव्हाच ऐकलेलं होतं.

मग मी तिला आमच्याकडची रीत समजावून सांगितली. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसराही तसाच, तिसऱ्या आग्रहाला माणूस उठतो.

"आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?"

"मग उपाशी."

मला वाटलं ती हसेल. "यात फार वेळ जातो," ती म्हणाली आणि कोट चढवू लागली.

बोलावणं नसताना मी त्यांच्या मागून रस्ता ओलांडला. आमच्या घराण्यात असं कुणी केलं नसेल. कॉफी कडू होती. बोलणं गुडघ्यांवर झालं, मग सुट्टीला न आलेल्या मुलांवर, आणि थोड्याच वेळात सगळ्या आपापल्या गाड्यांत जाऊन बसल्या. प्रत्येक गाडीत एकच बाई.

शिक्षिकेने काच खाली केली. "घरी सोडू?"

"हो," तिचं बोलणं संपायच्या आत मी म्हणाले.

घर अगदीच जवळ. दारापाशी पोचल्यावर तिने गाडी बंद केली नाही, मीही दार उघडलं नाही. हीटर चालू होता.

"घरी कोण असतं?" तिने विचारलं.

"आत्ता कुणी नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे?"

तिने नाही अशी मान हलवली आणि गाडी बंद केली.