आत तापतंय

बडा बाजारात भाजी घेता घेता सावंतकाका मध्येच ट्रान्सफॉर्मरखाली थांबायचे आणि मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकायचे. "आत तापतंय. बाहेरून कितीही पंखे मारा भैया, उपयोग नाही." भाजीवाला हसायचा. पण काकांनी कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या होत्या. त्यांचं सहसा चुकत नसे.

माझे वडील त्याच कारखान्यात माल उचलत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि प्रवेशाचा फॉर्म भरला काकांच्या टेबलावर. "नाव मोठ्या अक्षरात लिही, बेटा. लाजतेस काय?" पुढे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागले.

काकू गेल्या आणि काका विसरायला लागले. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "डॉक्टर नुसत्या गोळ्या देतात. तू सांग, डोक्यात काय चाललंय?"

मी सांगितलं. मेंदूत सूज धुमसत असते आणि बाहेरून दिलेली बहुतेक औषधं तिथवर पोचत नाहीत. म्हणून आम्ही आजार न करणाऱ्या विषाणूत एक जनुक भरून आत पाठवतो. मग मेंदूच्या पेशीच सूज उतरवणारं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, बनवू लागतात.

"म्हणजे थंड करायची सोय आतच बसवायची. जमलं?"

"जमलं, काका. आमच्या उंदरांना विसरलेली वाट सापडली."

इतक्या कौतुकानं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील, ते मी बोललेच नाही.

नागपूरहून त्यांची मुलगी न्यायला आली, तर काकांनी तिला परत पाठवलं. "पुण्याहून बेटा औषध घेऊन येणार. तिला हेच घर माहीत आहे." तिनंच मला फोनवर सांगितलं. "बोलते त्यांच्याशी," म्हटलं मी, आणि दिवाळीपर्यंत बोलले नाही.

दिवाळीत गेले तेव्हा काकांनी दार उघडलं. "कोण आपण?"

समोर बसून एकदाचं सांगितलं. "काका, औषध अजून उंदरांवरच आहे. तुमच्यासाठी वेळेत येणार नाही. तुम्ही नागपूरला जा."

ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "उंदीर तरी बरे झाले ना?"

"झाले."

"मग रडता कशाला?"

नागपूरला मुलीजवळ त्यांना दीड महिनाच मिळाला. ऐन थंडीत ते वारले. मुलगी मला एका शब्दानं बोलली नाही.

आता कुणी औषधाचं विचारलं की मी आधी "बरीच वर्षं लागतील" म्हणते, उंदरांचं नंतर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू देते.