गाडीच्या नाकावरची माळ

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. कळवण, सटाणा, येवला, इगतपुरी, सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, म्हणजे टायरखालच्या म्हणा. सबंध नोकरीत एक अपघात नाही. निवृत्त झाले, पण माणूस स्टेअरिंगवरून काही उतरला नाही. मला भाजीला नेतानासुद्धा आधी आरसा बघणार, सीट पुढेमागे करणार, घसा खाकरणार, आणि मग गाडी हलणार. जणू मागं पन्नास पॅसेंजर बसलेत. मी एकटी, आणि माझी कापडी पिशवी.

तर झालं असं, की आमची जुनी गाडी लागोपाठ दोनदा घासली. एकदा आमच्याच फाटकाच्या खांबाला, एकदा बाजारात एका हातगाडीला. हे म्हणाले, खांब वाकडा आहे. आता तो खांब घर बांधलं तेव्हापासून तिथंच उभा आहे, मी काही बोलले नाही. लेक बोलली. आम्हाला ती एकच. सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, तिच्याकडे लोखंडी हात आहेत म्हणे, माणसासारखे वाकून नट-बोल्ट लावतात. ती कुणाला घाबरत नाही, बापाला तर नाहीच.

"बाबा, आता बास. कुठं जायचं ते सांगत जा, मी नेईन," ती म्हणाली.

हे जेवत होते. घास हातातच राहिला. त्यांचं तोंड बघून मलाच जेवण जाईना. माझी भीती ही, की स्टेअरिंग गेलं तर हा माणूस खुर्चीत बसेल तो उठायचाच नाही. आणि लेकीची भीती ही, की एक दिवस फोन येईल. दोघींचंही खरंच होतं, तोच तर घोळ.

शेवटी तिनंच मार्ग काढला. तिनं आमच्यासाठी नवीन गाडी ठरवली. या गाडीला म्हणे डोळे आहेत. एक काचेच्या वर, आरशामागं, आणि एक रडार पुढच्या जाळीत, नाकाच्या जागी. समोर काही आडवं आलं तर ती स्वतः ब्रेक मारते, पांढरी पट्टी सोडली तर स्टेअरिंग आपणहून वळवते. लेकीनं अट घातली, "बाबा, गाडी तुमची. पण एक ओरखडा दिसला, की चावी माझ्याकडे."

"ओरखडा!" हे म्हणाले. "माझ्या गाडीवर?"

गाडी घ्यायला आम्ही तिघं शोरूमला गेलो. माझं माहेर मळ्याचं, झेंडू-शेवंतीचं, त्यामुळे माळ ओवायची तर मीच. चांगली मनगटाएवढी जाड ओवली, मधे मधे रुपेरी चमकीचे गोंडे. बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि माळ पुढच्या जाळीवर आडवी घट्ट बांधली. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, फोटो झाला की माळ काढून ठेवा हं." मला वाटलं तिला रंगाची काळजी. म्हटलं, बाई गं, आमच्याकडे माळ सुकल्याशिवाय काढत नाहीत.

पुढचे आठ दिवस गाडी इतकी गुणी वागली म्हणून सांगू! चूं नाही, चां नाही. काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा तेवढा लागून असायचा. हे म्हणाले, नवीन गाडीला असतो. स्वारी खूश होती. "लेकीनं उगाच घाबरवलं. गाडीलासुद्धा कळतं, कोण चालवतंय."

नवव्या दिवशी माळ सुकली. मी ती सोडून तुळशीत टाकली, आणि गाडीला कंठ फुटला.

गंगापूर रोडला एक रिक्षा आत घुसली, तर गाडी पीं पीं पीं करून खाडकन थांबली. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "कुणी दाबला?" जसं काही माझ्या पायाशी ब्रेक आहे. पुढं पट्टी सोडली तर स्टेअरिंग त्यांच्या हातात थरथरलं. आणि तासाभरानं समोर कपाचं चित्र आलं, वाफ निघणारं.

"हे काय आता?"

"चहा घ्या म्हणते. दमलात म्हणते," मी सांगितलं.

"मला?" हे इतक्या जोरात म्हणाले, की शेजारचा स्कूटरवाला बघायला लागला. "कळवण करून आलो की परत येवला करायचो मी. आणि ही मला चहा पाजणार!"

घरी आल्यावर मी गाडीचं पुस्तक काढलं. इंग्रजीत, ठोकळ्याएवढं. मला शाळा चौथीपर्यंतच, पण आता फोन पानावर धरला की तो मराठी करून दाखवतो. अडगं मराठी, पण कळतं. दुपारभर वाचत बसले आणि एका पानावर सापडलं, 'पुढील रडार सजावटीच्या वस्तूंनी आच्छादू नये, अन्यथा सर्व साहाय्य बंद पडेल.' मी कपाळावर हात मारला. म्हणजे आठ दिवस गाडी गुणी नव्हती, आंधळी होती! माझ्या माळेनं, त्या चमकीनं, तिचं नाकच बांधून टाकलं होतं. पिवळा दिवा तेच ओरडून सांगत होता.

मी हसत हसत यांना सांगितलं. हेही हसले. जरा जास्तच हसले.

पुढच्याच शनिवारी हे बाजारातून लिंबू-मिरची घेऊन आले. ज्या माणसानं आयुष्यभर लिंबं बांधणाऱ्यांची टिंगल केली, "गाडीला डिझेल लागतं आणि ब्रेक लागतो, मिरची वड्यात घाला" म्हणणारा, तो खाली बसून, डोळे बारीक करून, बरोबर नाकावर लिंबू-मिरची बांधत होता. वर चमकीचा गोंडा, चांगला तळहाताएवढा.

"दृष्ट लागते गं. नवीन गाडी आहे."

गाडी पुन्हा मुकी झाली.

पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, नवऱ्याला बायकोनं बोललेलं चालत नाही, मग गाडीनं बोललेलं कसं चालेल! पण मी शेजारी बसणारी बाई आहे, मला सगळं दिसतं. चौक आला की हे म्हणायचे, "तुझ्या बाजूनं बघ गं जरा." आधी एकदा, मग दर चौकात. दुकानाची पाटी मी वाचायची. समोरून ऊन आलं की गाडी मुंगीच्या चालीनं. मला धडकी भरली. लेकीला सांगावं तर ती त्याच संध्याकाळी चावी नेणार. न सांगावं तर... आणि नाकाची युक्ती शिकवली कुणी? मीच. हौसेनं, पुस्तक वाचून दाखवून. दोन दिवस मी भाजीत मीठ घालायला विसरत होते.

तिसऱ्या दिवशी कळवणला जायचं होतं, माझ्या बहिणीच्या नातीच्या बारशाला. हे आंघोळीला गेले तसं मी कात्री घेतली, लिंबू-मिरची गोंड्यासकट कापली आणि पिशवीत झबल्या-टोपड्यांच्या खाली घातली. नवऱ्याच्या पाठीमागं केलेलं काम आहे, चांगलं म्हणत नाही मी. पण त्या घटकेला दुसरं सुचलं नाही.

वणी मागं पडेपर्यंत ठीक चाललं होतं. गाडी अधूनमधून पीं करायची, हे भुवई चढवून पुढं बघायचे. त्यांना वाटलं असेल, गोंडा सरकला. मग एक वळण आलं आणि ऊन थेट काचेवर पडलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर गाडीनं असा ब्रेक मारला, की माझी पिशवी पायाशी जाऊन पडली आणि पट्टा खांद्यात रुतला.

समोर कांद्याची ट्रॉली उभी होती. हात लांब केला असता तर ट्रॉली हाताला लागली असती.

ट्रॅक्टरवाला दोर आवळत होता, तो धावत आला. "ओ बाबा! दिसंना का? एवढी मोठी ट्रॉली हाय, हिरवी जाळी टाकेल हाय!" मग यांचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "आजी, बाबाला पाणी पाजा. चेहरा पार उतरेल हाय."

हे उतरले. पुढं जाऊन गाडीच्या नाकाकडं बघत उभे राहिले.

"कुठंय ते?"

"माझ्या पिशवीत."

आता बोलणी बसणार म्हणून मी तयारीत होते. हे रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी बाटली दिली, ते पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"ब्रेक मी नाही मारला," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"नाही, तुला माहीत नाही. उशीर झाला असं नाही. ट्रॉली मला दिसलीच नाही. ऊन आलं आणि सगळं पांढरं." मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "डाव्या डोळ्यापुढं पावसाळ्यापासून धुरकट आहे."

"अहो, मग बोलायचं नाही?"

"तपासणीत डोळे कमी आले की ड्रायव्हरला खाली उतरवतात. बरोबरच आहे ते. म्हणून तर नाही बोललो."

मला रडूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "खाली उतरा म्हणतंय कोण? डोळे दाखवा म्हणतेय मी. गाडीचं नाक बांधून तुमचा डोळा सुधारणार आहे का?"

हे हसले नाहीत, पण खिशातून चावी काढून माझ्या हातात ठेवली. स्वतः. बहिणीचा मुलगा कळवणहून आला आणि त्यानं गाडी पुढं नेली. लेकीला मी तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझी कात्री, माझी माळ, सगळं. तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू बाबांची कंडक्टर का माझी आई?" मी म्हटलं, दोन्ही. ओरडायचं तर दोघांना मिळून ओरड.

त्याच आठवड्यात ती आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं दारातच एक यंत्राची बाई उभी. पांढरीशुभ्र, माझ्या खांद्याएवढी, हात जोडलेले, खाली चाकं. "नमस्कार. आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. कृपया आपलं शुभनाम सांगावं."

"पुण्याची दिसते," हे हळूच म्हणाले.

नाव सांगितलं, तर म्हणाली, "कृपया थोडं मोठ्यानं बोलावं." यांनी स्टँडवर गाडी पुकारतात तशा आवाजात सांगितलं. सगळा दवाखाना वळला. बाई शांत. "धन्यवाद. कृपया माझ्या मागे यावं." आणि निघाली पुढं, आम्ही तिघं मागं. बोळकांडीत एक म्हातारी डोळ्याला पट्टी लावलेली, भिंत चाचपत आडवी आली. यंत्राची बाई जागच्या जागी थांबली. म्हातारी गेली, मगच हलली.

हे निरखून बघत होते. "बघितलंस? हॉर्नसुद्धा वाजवला नाही." इतकं कौतुक त्यांनी आपल्या बरोबरच्या ड्रायव्हरांचंही कधी केलं नसेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, डावा चांगला पिकलाय, काढून टाकू. यांनी ऑपरेशनचं काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, "गाडी?"

"आज हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. दोन्ही डोळे झाले की तपासून सांगेन."

दोन्ही डोळे होऊन सांगेपर्यंत थंडी सरत आली. चावी लेकीकडे. मला वाटलं होतं हा माणूस खुर्चीत बसणार. बसला, पण काळा चष्मा लावून, पुस्तक मांडीवर घेऊन. रोज दुपारी मी फोन धरून वाचायची, हे ऐकायचे. "परत वाच. रडार पावसात चालतं का? चिखल उडाला तर? नुसत्या फडक्यानं पुसायचं का साबण?" एसटीत नवीन बनावटीची गाडी आली की तिचा स्वभाव कळायला महिना लागतो म्हणे. लेक आम्हाला कुठं नेऊ लागली, की हे तिच्या शेजारी बसून सांगायचे, "आता पीं करेल बघ." आणि करायची! यांची नि गाडीची ही नणंद-भावजयीची जोडी कधी जमली, मला कळलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी शेवटची पाटी वाचायला लावली. हे सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून आणखी खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचू लागले. दिवसा चालवा, त्या म्हणाल्या.

लेकीनं चावी टेबलावर ठेवली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "दिवे लागायच्या आत घरी. दर सहा महिन्यांनी डोळे. आणि मला दिसेनासं झालं तर मी सांगेन, तुम्ही शोधत बसू नका." लग्न झाल्यापासून या माणसानं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट.

त्या रविवारी आम्ही पुन्हा कळवणला निघालो. लेक म्हणाली, मीही येते, मावशीला भेटून बरेच दिवस झाले. मावशीचं निमित्त, मी काय ओळखत नाही? मागच्या सीटवर मधोमध बसली, दोन्ही हातांनी पुढच्या दोन्ही सीटा धरून, मान पुढं काढून. यांचा मधला आरसा तिच्या डोक्यानं झाकला जात होता तरी यांनी ते चालवून घेतलं. एक मोटारसायकल आडवी गेली, गाडीनं पीं केलं. "हो बाई, बघितलं," हे गाडीला म्हणाले. ब्रेक त्यांचा पाय आधीच मारून बसला होता.

थोड्या वेळानं माझ्या सीटवरचा तिचा हात सुटला. मला वाटलं फोन बघत असेल. दिंडोरी यायच्या आत मी वळून पाहिलं, तर लेक कडेला सरकून, खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती. यांनीही आरशात पाहिलं. पुढच्या गतिरोधकावर त्यांनी गाडी इतकी अलगद चढवली आणि इतकी अलगद उतरवली, की तिची मान जागची हलली नाही.