दोन सात नंबर आणि एक रुमाल

आमच्या डिचोलीच्या ऑफिसात फायली साठत नाहीत, किस्से साठतात. माणसं तीनच: शाणूसर, मी आणि दोडामार्गहून पहिल्या बसने येणारी सुलक्षा. एका दवाखान्यासाठी तिने मोबाईलवरून नंबर लावायचा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला तर ती नोकरीत कायम होणार होती.

पहिल्याच सोमवारी काउंटरवरच्या मावशीने "सात नंबर" पुकारला आणि दोघे उठले. एक आमोण्याचे आजोबा, एक नार्व्याचे. दोघांच्या मोबाईलवर सातच! भांडण गावावरून घराण्यावर गेलं आणि दहा मिनिटांत दोघे सोयरे निघाले. मग हातात हात घालूनच आत गेले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "शनिवारपर्यंत सुधारा, नाहीतर माझी वही बरी," म्हणाले.

*

सुलक्षा रडकुंडीला आली. "माझ्या लॅपटॉपार चलता ओ!"

खरंच चालत होतं. लॅपटॉपवर विंडोज, दवाखान्याच्या सर्व्हरवर लिनक्स, आणि दोन सात यायचे ते फक्त सर्व्हरवर.

"मगीर तुजो लॅपटॉपच दवाखान्यांत व्हर," सर म्हणाले.

मंगळवारी तिने नेला. दिवसभर एकही नंबर दुबार आला नाही. सुलक्षा मात्र सर्दी-ताप घेऊन आली.

*

बुधवारी सर्व्हरवरच्या कोडात लॉगची ओळ घातली, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद राहील. चूक गायब. ओळ काढली, चूक हजर.

"पोलीस उबो केल्यार चोर येतलो कित्याक?" सर म्हणाले.

*

गुरुवारी सर "येता हां" म्हणाले, म्हणजे गेले. त्यांची खुर्ची पंख्याखाली, मी लगेच बसलो. सुलक्षा माझ्याकडे बघतच राहिली.

"सर येतंय म्हणान गेले. खुर्ची रिकामी दिसली म्हणान तुम्ही बसलात. आता ते इले तर एका खुर्चेर दोघा!"

तेच होतं. तिचा प्रोग्रॅम सात नंबर रिकामा बघायचा आणि "येतो" म्हणून डेटाबेसात लिहायला जायचा. तेवढ्यात दुसऱ्या पेशंटलाही सात रिकामाच दिसायचा. विंडोजवर आमची लायब्ररी, म्हणजे आम्ही वापरलेला तयार कोड, हे काम बसल्या जागी उरकायची. लिनक्सवर खरोखर उठून जायची. लॉगची ओळ मात्र सगळ्यांना एकेक करूनच सोडायची, म्हणून बुधवारी चूक लपली.

उपाय बसमधला. आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दाराने चढायचं. लिहायला उठण्याआधीच जागा अडवणारं कुलूप तिने प्रोग्रॅमला घातलं आणि कोडात त्याचं नाव ठेवलं 'रुमाल'.

*

शनिवारी मावशीचा फोन आला. "सात नंबर पुकारलो, दोगूय उठले."

सुलक्षाने लॅपटॉप पुढ्यात ओढला, तोवर मावशी पुढे बोललीच.

"नंबर एकच आसा गो. दुसरो आजो सोयऱ्याक सोबत म्हणून आयला."

इतकं हायसं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. तिच्या कायम नोकरीचं पत्र मात्र अजून निघालं नव्हतं. पाच वाजता सुलक्षा "येतंय" म्हणून निघाली, अर्ध्या जिन्यावरून परत आली आणि आपल्या खुर्चीवर रुमाल ठेवून गेली.

सोमवारी तिची बस चुकली. सकाळीच एक गिऱ्हाईक आलं आणि त्या खुर्चीत बसायला लागलं.

"थंय नाका," सर म्हणाले. "रुमाल दिसना? ती 'येता' म्हणून गेल्या."