आतोबांचा उजवा डोळा

लोखंड आणि पहिलं मत, या दोन गोष्टींवर आमच्या आतोबांइतका अविश्वास ठेवणारा माणूस उभ्या कोकणात सापडायचा नाही. लोखंडाचं कारण नोकरीत होतं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या एका सरकारी वेधशाळेत त्यांची हयात गेली, आणि तिथल्या मोजणीच्या खोलीत अंगावर टाचणीसुद्धा चालत नसे. किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, मनगटावरचं घड्याळ, सगळं बाहेर काढून ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. निवृत्त होऊन मुरुडला वाडीतल्या घरात आले तरी सवय सुटली नाही. दारांना पितळी कड्या लागल्या, भिंतीला लाकडी खुंट्या आल्या, आणि पाहुणा पडवीत चढला की "या, बसा" च्या आधी "खिशात काय आहे?" असा प्रश्न यायला लागला. विजेचं मीटर वाचायला आलेल्या एका माणसाने हा प्रश्न ऐकून मुकाट्याने पाकीट काढून पडवीच्या कठड्यावर ठेवलं आणि हात वर केले. आतोबांनी त्याला पाकीट परत दिलं आणि पक्कड बाहेर ठेवायला सांगितली. त्यांचा पराभव झाला तो फक्त स्वयंपाकघरात. आत्याचा घावण्यांचा बिडाचा तवा चांगला दोन हातांनी उचलावा लागेल असा आहे. त्याच्याकडे बोट दाखवून आतोबांनी एकदाच तोंड उघडलं. आत्या म्हणाली, "तवा न्हाय तर घावणे न्हाय." त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि स्वयंपाकघर हे घराच्या हद्दीबाहेर असल्याचं मान्य केलं.

पहिल्या मताचं प्रकरण मात्र ताऱ्यांपासून सुरू झालं. पुष्कळ तारे एकाच तेजाने तळपत नाहीत. काही आठवड्यांत, काही वर्षांत मंद होतात, पुन्हा उजळतात. असे तारे नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांच्या तेजाची नोंद ठेवणारे लोक जगभर आहेत, आणि आमचे आतोबा त्यांतले एक. जेवणं आटोपली की ते अंगणात जाऊन उभे राहतात. रीत अगदी सोपी आहे. ज्या ताऱ्याची चौकशी करायची, त्याच्या आसपासचे दोन न बदलणारे तारे धरायचे, एक त्याच्याहून तेजस्वी, एक मंद, आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते ठरवायचं. हे इतकी वर्षं केल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट एकटी अशी दिसतच नाही. आत्याने कोलंबीची आमटी वाढून "कशी झाली?" म्हणून विचारलं, की ते डोळे मिटून म्हणतात, "परवाच्या बोंबलांपेक्षा सरस, गणपतीनंतर केली होतीस तिच्याहून किंचित मंद." माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडिलांनी मोठ्या मानाने त्यांना बरोबर नेलं होतं. पोह्यांच्या बश्या समोर आल्या, मुलीच्या वडिलांनी "मग, कशी वाटली आमची मुलगी?" असं विचारलं, आणि आतोबा भर बैठकीत म्हणाले, "एका दर्शनात काय सांगणार? तीनदा तरी पाहायला हवी. आणि शेजारी तुलनेला दोन मुली असत्या तर बरं झालं असतं." लग्न झालं हे तिच्या वडिलांचं मोठेपण. माझी बायको अजूनही मधूनच विचारते, त्या दुसऱ्या दोघी कोण होत्या म्हणून.

त्यांच्या शेजारी हमीदभाईंचा छोटा लॉज आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे किल्ला बघून येतात, संध्याकाळी त्यांना काही उद्योग नसतो, आणि हमीदभाई त्यांना कौतुकाने कुंपणापलीकडे पाठवून देतात. अशा वेळी आतोबा आंब्याच्या फांदीला सोललेला नारळ टांगतात. नारळाच्या एका अंगाला कोळशाने मोठा डाग काढलेला असतो. मग दोरीला पीळ देऊन तो सोडायचा आणि त्याच्यावर टॉर्च मारायचा. "तारा इतका लांब, की दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो," ते सांगतात. "मग तो स्वतःभोवती फिरतोय हे कळायचं कसं? तर त्याच्या अंगावर डाग असतात. डाग आपल्याकडे आला की तारा जरासा मंद. पलीकडे गेला की पुन्हा लख्ख. एका मंदपणापासून दुसऱ्या मंदपणापर्यंत मोजा, झाली त्याची एक फेरी." डाग कशामुळे पडतात, तर चुंबकत्वामुळे. चुंबकत्व जिथे जोरात, तिथे आतली उष्णता वर यायला अडते आणि तो भाग काळवंडतो. आणि एवढ्या लांबचं चुंबकत्व कळतं कसं, तर ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा उलगडला की त्यात काळ्या रेघा दिसतात, आणि चुंबकत्व असेल तर एकेका रेघेच्या फुटून दोन-तीन होतात. हे सांगताना त्यांचा आवाज हळू होतो. स्वतः आयुष्यभर खिसे तपासून पायाखालचं चुंबकत्व मोजलं, आणि कुणीतरी घरबसल्या ताऱ्याचं मोजतो, याचं त्यांना अतोनात कौतुक आहे. एका पाहुण्याने सगळं शांतपणे ऐकून घेऊन विचारलं, "याचा राशीवर काही परिणाम?" आतोबा म्हणाले, "होतो ना. त्या ताऱ्याच्या." दुसऱ्याने नारळ कितीला देणार ते विचारलं.

त्यांचा सगळ्यात लाडका तारा म्हणजे काक्षी. मृगाच्या खांद्यावरची तांबडी चांदणी, आर्द्रा नक्षत्र म्हणतात ते. तिला नारळाचा हिशेब पुरत नाही. ती प्रचंड मोठी आहे, फुगते, आक्रसते, मनाला येईल तेव्हा मलूल होते. आत्या तिला नुसतं "ती तांबडी" म्हणते. आतोबा तिच्या नोंदी परदेशातल्या एका संघटनेकडे पाठवतात, आणि तिथे जगभरच्या निरीक्षकांचे ठिपके एकाच आलेखावर दिसतात. गेल्या वर्षी थंडी सुरू झाली तसा त्यांचा ठिपका इतरांना सोडून वर वर चढायला लागला. जग म्हणत होतं काक्षी आहे तशीच आहे, आतोबा म्हणत होते चांगलीच उजळली आहे. मी फोनवर सहज म्हटलं, "आतोबा, सगळे एकीकडे आणि तुम्ही एकटे दुसरीकडे, असं कसं?" ते म्हणाले, "युरोपात धुकं. अमेरिकेत दिवे. त्यांचं काही चुकत असेल तर मी काय करू?"

मग एका दुपारी आत्याचा मला पनवेलला फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तू ये रे जरा. ह्यांना दिसत न्हाय आणि सांगत बी न्हाईत. काल माझ्या निळ्या साडीला काळी म्हनाले. परवा पायरी चुकले, तर म्हनतात पायरीच खाली बसली हाय."

मी गेलो. आतोबांनी माझे खिसे तपासले, पण हात चाचपडत होते. दुसऱ्या दिवशी हमीदभाईंच्या गाडीतून त्यांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. शस्त्रक्रिया करायला हवी, बाई म्हणाल्या, आणि उशीर नको.

"होणार नाही," आतोबा म्हणाले.

"भीती वाटते का?"

"भीती कसली? पस्तीस-चाळीस वर्षं मी याच डोळ्यांनी नोंदी केल्या. उपकरण बदललं की मालिका तुटते. आमच्या वेधशाळेत असं कुणी करू दिलं नसतं."

बाई आता रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काका, उपकरणच हळूहळू बदलत असेल तर? तुमच्या डोळ्यातलं भिंग जुन्या काचेसारखं पिवळं पडलंय. त्यातून निळा रंग फारसा आत येत नाही. तांबडा येतो. तुमचा तारा कुठल्या रंगाचा?"

काक्षी तांबडी, आणि तिची तुलना आतोबा करत होते ती मृगाच्या पायाशी असलेल्या निळसर राजन्याशी. काक्षी उजळली नव्हती. शेजारचा राजन्य त्यांच्यापुरता विझत चालला होता. मला हे दोन दिवसांनी समजलं, त्यांना त्या खुर्चीत समजलं. त्यांनी खाली बघून एवढंच विचारलं, "केव्हापासून?"

"ते सांगता नाही यायचं," बाई म्हणाल्या. "फार सावकाश होतं हे."

परतीच्या वाटेवर हमीदभाईंनी दोनदा आरशातून मागे पाहिलं. शेवटी म्हणाले, "काका, जिद करू नका. डोळा म्हणजे नियामत आहे, वरवाल्याची देणगी." आतोबा म्हणाले, "हमीद, डोळ्याचं काही नाही रे. लोक माझ्या नोंदी खऱ्या धरून बसलेत." घरी आल्यावर ते संगणकापाशी बसले आणि मला मजकूर सांगू लागले, कारण त्यांना अक्षरं दिसत नव्हती. माझ्या अलीकडच्या नोंदी सदोष आहेत, दोष कुठल्या वर्षापासून आहे ते मला ठाऊक नाही, तरी सर्व संशयास्पद समजाव्यात. एवढंच. मी म्हटलं, "सगळ्या कशाला? जुन्या तर बरोबर असतील." ते म्हणाले, "असतीलही. सांगता येत नाही ना? पाठव." मी पाठवलं. आत्या दारात उभी होती. तिला इंग्रजी मजकूर कळला नव्हता, पण ती चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पण आतोबा ते आतोबाच. सकाळी उठले ते एक तोड घेऊन. शस्त्रक्रिया करायची, पण आधी फक्त उजव्या डोळ्याची. मग नव्या डोळ्याने आणि जुन्या डोळ्याने एकाच संध्याकाळी तेच तारे पाहायचे आणि जुना डोळा किती खोटं बोलतो ते काढायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही तसेही एका वेळी एकच करतो. यावर आतोबांनी त्यांना शास्त्रीय दृष्टी असल्याचं प्रशस्तिपत्र दिलं आणि टेबलावरचं कागद दाबायचं लोहचुंबक जरा लांब सरकवायला सांगितलं.

उजवा डोळा झाला. पट्टी निघाली, डोळा पुरता निवला, तेव्हा मी पुन्हा मुरुडला गेलो होतो. आतोबा दुपारभर घरात हिंडून वस्तू पाहत होते. डावा डोळा झाकायचे, पाहायचे, उजवा झाकायचे, पाहायचे. भिंतीचा चुना, रांजण, हमीदभाईंच्या लॉजची पाटी. समुद्र पाहून आले आणि "फारच निळा केलाय," असं जरा नाराजीने म्हणाले. दिवस कलला. आत्या पडवीत बसून केस विंचरत होती. आतोबा तिच्यासमोर थांबले आणि डावा डोळा हाताने झाकून उभेच राहिले.

"काय बघताव?" आत्या म्हणाली.

"तू मेंदी लावायचीस ना केसांना?"

"मेंदी? मी? कवा लावली मी मेंदी?"

"मला आपलं वाटायचं," आतोबा म्हणाले. मग जवळ वाकून, "इतकी पांढरी केव्हा झालीस गं?"

आत्याने फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले. "तुमी वर बघत होतात तवा," ती म्हणाली. रागाने नाही. पायरी कितवी आहे ते सांगावं तसं.

ते तिच्या शेजारी बसले. अंधार पडला तसं आभाळ स्वच्छ निघालं, वारा पडला होता, पोफळींच्या वर मृग सगळा उभा दिसत होता. पहिल्यांदाच दोन डोळ्यांनी दोन काक्षी पाहायची ती संध्याकाळ होती, आणि तिच्यासाठी ते पंधरवडाभर कॅलेंडरकडे बघत होते. मी टॉर्च आणून ठेवला. आत्याच दोनदा म्हणाली, "अहो, जावा की. आली ती तांबडी."

"असू दे," आतोबा म्हणाले. "तू विंचर."