दुसरीची सही

अर्लीन स्टबलफील्डच्या हातून सबंध आयुष्यात एकच कागद राहिला, आणि नेमका तोच तिच्या मुळावर आला.

सव्वीस वर्षं तिने अमेरिकी तोफखान्यातल्या सार्जंटचा संसार केला. चौदा वेळा घर हलवलं. दर खेपेला सैन्याचे ट्रकवाले येत आणि पलंग, भांडी, मुलीची सायकल असं सगळं घेऊन जात. पण कागदांची फाइल त्यांच्या हाती कधी पडली नाही. लष्करातल्या बायका फाइल ट्रकात टाकत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात. नवरा, रोस्को, कोरियात असो की वाळवंटात, त्याच्या मुखत्यारपत्रावर अर्लीनच गाडी विकायची, घर भाड्याने घ्यायची, कर भरायची. रोस्को आपला निवांत. कागद म्हटलं की तो एकच ओळ म्हणायचा, "अर्लीनला विचारा." बाई हुशार होती यात शंका नाही, पण तिला त्या हुशारीची घमेंडही तेवढीच होती. ओक्लाहोमातल्या लॉटनमध्ये, छावणीच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीत, नव्याने आलेल्या बायकांना ती चारचौघांत झापायची, "दाखला हरवला? मग संसार कशाला मांडलास?"

बारा वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. रोस्को पितो असं ती म्हणायची, ती बोलबोल बोलते असं तो म्हणायचा, आणि दोघंही खरं सांगत होते. कोर्टाने निकालात लिहून दिलं की रोस्को जिवंत असेतो त्याच्या पेन्शनीतला वाटा अर्लीनला मिळेल, आणि तो गेल्यावर फॅमिली पेन्शनही तिलाच. निकालाची शिक्क्याची प्रत अर्लीनने फाइलमध्ये लावली आणि ती निश्चिंत झाली.

इथे माशी शिंकली. कोर्टाने निकाल दिला म्हणून सैन्याच्या वहीतलं नाव आपोआप बदलत नाही. 'बायको'च्या जागी 'पूर्वीची बायको' अशी नोंद करायला एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नवऱ्याने किंवा बायकोने. दोघांपैकी कुणाचाच अर्ज पोचला नाही. फॅमिली पेन्शनीचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जात होता आणि अर्लीनला तो आपल्या वाट्याच्या हिशेबाच्या कागदावर दिसत होता. लष्करी माणसांचा एक ठाम समज असतो, हप्ता कापला जातोय ना, मग काम झालं. त्या समजावर अर्लीन वर्षानुवर्षं गाढ झोपली. मधल्या काळात रोस्कोने डार्ला नावाच्या नर्सशी लग्न केलं. त्या लग्नाला वर्ष झालं आणि 'बायको'च्या रिकाम्या जागेवर डार्ला कायद्याने जाऊन बसली.

गेल्या हिवाळ्यात रोस्कोच्या फुप्फुसांनी हात टेकले. तो हॉस्पिटलात असल्याचं कळताच अर्लीनने आधी सैन्याच्या पेन्शन कचेरीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने थंडपणे सांगितलं, "बाई, तुमचं नाव इथे नाही. डार्ला स्टबलफील्ड आहे." अर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच संध्याकाळी मुलीला, नडीनला, स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "बघ तुझा बाप. कोर्टाला फसवलं, मला फसवलं, त्या बयेच्या नावावर सगळं करून मोकळा झाला. जा, जायचं तर जा त्याच्या उशाशी."

नडीन गेली नाही. रोस्को सहा आठवडे पडून होता. ती हॉस्पिटलात गेली नाही, तो गेल्यावर दफनालाही गेली नाही. लष्करी इतमामात घडी घातलेला झेंडा डार्लाच्या हातात दिला गेला.

रोस्कोबरोबर अर्लीनचा वाटाही बंद झाला. एकाहत्तराव्या वर्षी ती पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सुजलेल्या गुडघ्यांवर ट्रे धुऊ लागली. लष्करी नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ असतं. नडीनने संगणकावर बसून तिथे अर्ज केला, सोबत निकालाची प्रत जोडली. सात महिन्यांनी उत्तर आलं. कोर्टाचा आदेश मंडळाला मान्य होता, पण कायद्याने आज हक्क विधवेचा. तिने नोटरीसमोर सही करून हक्क सोडला तर नोंद दुरुस्त करू, एरवी हात लावता येत नाही. म्हणजे सगळं डार्लाच्या सहीवर येऊन ठेपलं.

एका शनिवारी सकाळी अर्लीन नडीनच्या गाडीतून डार्लाच्या घरी गेली. "तू गाडीतच बस," ती मुलीला म्हणाली. "तिचं तोंड तुला बघायला नको."

डार्लाने दार उघडलं, बसायला सांगितलं, पण आइस टी विचारला नाही. त्या मुलुखात नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही आइस टी मिळतो. अर्लीन काय समजायचं ते समजली.

"कागद आणलेत?" डार्लाने विचारलं.

"आणलेत. वाचायची तसदी घेऊ नकोस, मी वाचलेत. इथे सही, इथे तारीख. नोटरी बाराला बंद होतो."

"वा! हुकूमच सोडताय. रोस्को सांगायचा ते खोटं नव्हतं."

"रोस्कोने काय सांगितलं ते तुझ्यापाशीच ठेव. सव्वीस वर्षं मी त्याच्या मागे फिरले. तू नऊ वर्षं बसून खाल्लंस."

"बसून?" डार्ला उठून उभी राहिली. "शेवटची तीन वर्षं त्याला उचलून न्हाणीत नेत होते मी. रात्रपाळी करून यायचं आणि त्याचं करायचं. तुम्ही कुठे होतात? तुमची ती लाडकी कुठे होती?"

"माझ्या मुलीचं नाव काढायचं नाही!"

"काढणार. दहा वेळा काढणार." डार्लाचा आवाज चढला. "ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारायचा तो, नडीन आली का? मी सांगायचे, येईल, रस्त्यात असेल. सहा आठवडे मी त्या मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले, तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे नाही, त्याच्या करणीमुळे! मुद्दाम केलं त्याने. मला तोडून तुझ्या घशात घातलं सगळं."

डार्ला आतल्या खोलीत गेली आणि परत येऊन तिने दोन वस्तू टेबलावर आपटल्या. एक होता अर्जाचा छापील कागद. त्यावर रोस्कोच्या गिचमिड अक्षरात 'पूर्वीची बायको' या रकान्यात अर्लीनचं नाव होतं, खाली त्याची सही होती, आणि तारीख होती घटस्फोटानंतरच्या आठव्या महिन्यातली. मुदतीच्या आतली. दुसरी वस्तू म्हणजे कडेने फाडलेला लिफाफा. त्यावर अर्लीनचा पत्ता लिहून खोडलेला होता आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नको. परत पाठवा.' अक्षर अर्लीनचंच होतं.

"त्याच्या कपाटात सापडलं," डार्ला म्हणाली. "बंदच होतं. तो गेल्यावर मी फोडलं. वाचा."

आत चारच ओळी होत्या. 'अर्लीन, तुझं नाव लावायचा अर्ज भरलाय. सोबत निकालाची शिक्क्याची प्रत मागतात. ती तुझ्या फाइलमध्ये असेल. पाठव. वर्षाची मुदत आहे म्हणे. रोस्को.'

तेव्हाच्या दिवसांत त्याचं जे येईल ते अर्लीन न फोडता परत करायची आणि शाळेतल्या बायकांना ऐटीत सांगायची. दुसरी प्रत कोर्टातून दहा मिनिटांत मिळाली असती, पण हे रोस्कोच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सव्वीस वर्षं त्याला कागद म्हणजे अर्लीन एवढंच माहीत होतं. पत्र परत आलं, तो रुसला आणि अर्ज कपाटात गेला. पुढे हप्ता कापला जाताना बघून त्यालाही वाटलं असेल की झालं काम.

अर्लीनने ते पत्र दोनदा वाचलं. तिला रडू आलं नाही, तिला डार्लाचा भयंकर राग आला. हे दाखवायची काय गरज होती हिला?

"आता नीट ऐका," डार्ला म्हणाली. "मला नोकरी आहे, माझी स्वतःची पेन्शन आहे. रोस्कोच्या पैशावाचून माझं अडत नाही. मी सही करते. आज, आत्ता, तुमच्याबरोबर नोटरीकडे येऊन."

अर्लीनने मान वर केली.

"एका अटीवर. त्या पोरीला आत बोलवा. इथे, माझ्यासमोर, हे पत्र तुम्ही तिला वाचून दाखवा. तो लिफाफाही दाखवा, कुणाचं अक्षर आहे ते सांगा."

"तू बया आहेस की कसाई?"

"मी त्याची विधवा आहे. त्याने शेवटपर्यंत जिची वाट पाहिली, तिला कळू दे तो कसा होता ते."

"पोर माझी जन्मात तोंड बघणार नाही!"

"त्याचंही नाही बघितलं तिने," डार्ला म्हणाली. "पाच मिनिटं देते. जा, घेऊन या."

अर्लीन उठली. पायऱ्या उतरताना तिने कठडा घट्ट धरला. लांब मैदानावर तोफांचा सराव चालला होता आणि गल्लीतल्या खिडक्या थरथरत होत्या. गाडीपर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात तिने सगळा हिशेब केला. सही झाली तर ट्रे धुणं संपत होतं, गुडघ्यांचं ऑपरेशन होत होतं, मरेपर्यंत कुणापुढे हात पसरावा लागणार नव्हता. त्यासाठी फक्त पाच मिनिटं खरं बोलायचं होतं, आणि तेही मुलीसमोर. दर रविवारी जेवण घेऊन येणारी, तिच्यासाठी रात्र-रात्र अर्ज टंकणारी, बापाला मरताना न भेटलेली ही एकच मुलगी तिला होती. चुकलं आपलं, हे अर्लीनला पुरतं कळलं होतं. ते दुसऱ्या कुणाला कळू द्यावं एवढी हिंमत मात्र तिच्यात नव्हती.

नडीनने काच खाली केली. "काय झालं, मॉम? तयार झाली का ती? मी येऊ का आत?"

खिडकीच्या पडद्याआड डार्ला उभी होती, ते अर्लीनला इथूनही दिसत होतं.

"नाही म्हणाली," अर्लीन दार उघडून आत बसली. "चल."

"आणि डॅडींनी... मुद्दामच केलं होतं ना?"

"मुद्दामच," अर्लीन म्हणाली. "तू गाडी काढ."