रिपोर्ट हिरवा होता, टेस्ट चालल्याच नव्हत्या

मंडळी, आजचंच लिहिते.

आमची कोल्हापुरातली छोटी कंपनी सलाईनच्या पंपाचं सॉफ्टवेअर बनवते. बाटली संपत आली की पंपानं अलार्म द्यायचा. आज आमचे संतोषदादा नव्या सॉफ्टवेअरचा पंप घेऊन कागलच्या एका दवाखान्यात गेलते.

ते गेल्यावर मी सहज एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम, मुद्दाम बिघडवून बघितली. कव्हरेज रिपोर्ट, म्हणजे कोडचा किती भाग टेस्टनं तपासला ते दाखवणारं पान, टेस्ट नापास झाली की निघायलाच नको. तो तरीही हिरवागार! बिल्डची फाईल उघडली; कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायच्या पायऱ्या तिच्यात असतात. रिपोर्टच्या आधी टेस्ट चालल्या पाहिजेत, असं तिथं कुणी लिहिलंच नव्हतं. जुन्याच निकालावरून रोज नवा रिपोर्ट निघत होता.

माझी टेस्ट परत नीट केली आणि सगळ्या चालवल्या. अलार्मचीच नापास झाली.

दादांना फोन लावला. उचलेनात. परत लावला.

"दादा, पंप लावला?"

"लावायलोय की. पेशंट आजी झोपल्यात. का गं?"

"लावू नका! अलार्म वाजणार न्हाय!"

"थांबलो बघ. जुनाच पंप ऱ्हाऊ दे."

आता बिल्डमध्ये ती ओळ घातलीय. टेस्ट पास झाल्याशिवाय रिपोर्ट निघत नाही. पण दादांनी दुसऱ्यांदाही फोन उचलला नसता तर? हा विचार काही केल्या जात नाही.

तुमचा रिपोर्ट खरंच आजच्या टेस्टवरून निघतो का? आत्ताच एक टेस्ट मोडून बघा आणि काय दिसलं ते सांगा.