पुनव-अवसेचे चार दिवस सोडून

आमच्या कॉलेजच्या मुली आता बास्केटबॉल खेळायला कुठे कुठे जातात. कप आणतात, फोटो काढतात, फोटोत साहेब लोक पुढच्या रांगेत बसतात. बसू देत. पण पहिल्या संघाची पाचवी मुलगी कोणी शोधून आणली हे त्या फोटोतल्या एकालाही ठाऊक नाही. ती मी आणली. चौथी शिकलेल्या शिपायाने आणली. म्हणून हे मीच लिहून ठेवतो. शुद्धलेखन नातीने तपासलं आहे, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

मी मूळचा घाटावरचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा कामाला आलो. वर्षभर खडी वाहिली, मग मुकादमाशी भांडण झालं आणि पालघरच्या नव्या कॉलेजात शिपाई म्हणून चिकटलो. भांडणात चूक त्याची होती.

कॉलेज म्हणजे तेव्हा पत्र्याच्या दोन लांबट इमारती आणि पुढे मोकळं मैदान. मराठी शिकवायला पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्या स्वतः कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलेल्या. मुलींचा संघ काढायचा म्हणून त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून मैदानात दोन खांब उभे करून घेतले. खड्डे मी खणले. खाली मुरूम, त्याखाली कातळ, दोन पहारी वाकल्या. रिंगा लोहाराकडून करून आणल्या. सगळं झाल्यावर प्राचार्य आले, खांबाकडे वर बघितलं आणि म्हणाले, "या वर्षात मुलींचा संघ बाहेरचा एक तरी सामना पुरा खेळला पाहिजे. नाहीतर हे काढा. तिथं सायकल स्टँड करू."

बाईंचं तोंड उतरलं. माझं डोकं फिरलं. कातळात पुरलेला खांब सायकलींसाठी काढायचा म्हणजे काय?

कॉलेजात मुली होत्या अकरा. त्यातल्या चौघी तयार झाल्या, त्यात स्टेशनमास्तरांची मुलगी सगळ्यात धीट. मी बाईंना विचारलं, "चौघीत भागणार नाही का?"

"मामा, पाच लागतात. पाच म्हणजे पाच." कॉलेजात मला सगळे मामाच म्हणायचे, बाईसुद्धा, आणि मी होतो तिशीच्या आतला.

मग आम्ही दोघं पाचवीसाठी घरोघर फिरलो. मॅट्रिक झालेली मुलगी जूनमध्ये आमच्या कॉलेजात यावी आणि खेळावी, एवढंच मागणं. एका वकिलांकडे चहा मिळाला आणि उन्हात मुलगी काळी पडेल असं उत्तर मिळालं. केळव्याच्या एका वाडीवाल्याने बाईंना विचारलं, धावताना पदर कोण सांभाळतं? बाईंनी शांतपणे सांगितलं की पदर नसतोच. त्यावर त्याने आम्हाला एकेक शहाळं दिलं आणि फाटकापर्यंत पोचवलं. परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या, "मामा, सोडून देऊ या."

सोडून द्यायचं माझ्या रक्तात नाही. आणि तेवढ्यात मला तारापूरच्या किनाऱ्यावरची ती पोर आठवली.

बांधकामावर असताना रविवारी मी कोळीवाड्यात सुके बोंबील घ्यायला जायचो. भरतीला होड्या लागल्या की बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरायच्या, होडीतल्या माणसाकडून मासळीची भरलेली पाटी डोक्यावर घ्यायच्या, किनाऱ्यावर रिकामी करायच्या आणि पाटी परत द्यायला पुन्हा पाण्यात जायच्या. एक उंच पोर मात्र पाटी परत द्यायला जात नसे. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून रिकामी पाटी भिरकावायची आणि ती बाकीच्या बायकांच्या डोक्यांवरून बरोबर होडीतल्या बापाच्या हातात पडायची. होडी लाटेवर खालीवर व्हायची, तरी पाटी चुकायची नाही. ही पोर मॅट्रिकला बसली आहे असं तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं.

पुढच्याच रविवारी बाईंना घेऊन गेलो. वैशाखाचं ऊन. बोईसरला उतरून एसटीने तारापूर, तिथून वाळूतून पायी. बाईंच्या हातात जाळीच्या पिशवीत चेंडू. पोरीची आई काठ्यांच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि काठीवर टाकायची, हात थांबत नव्हता. आमच्याकडे न बघता म्हणाली, "सुके पाह्यजेत की ओले?"

"पोरगी पाहिजे," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. बाई घाईने पुढे झाल्या आणि कॉलेज, खेळ, फी माफी सगळं समजावून सांगितलं. पोर मागे उभी राहून ऐकत होती. मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झाली होती आणि दोन वर्षं घरीच होती.

बाईंनी तिला चेंडू दिला. रिंग कुठून आणणार? मी एक पाटी घेतली, मांडवाच्या उंच खांबाला टांगली. पोर म्हणाली, "ह्यात टाकायचा? लाट नाय, कायच नाय, हिता तर पाटी हलतच नाय." दहा वेळा टाकला, आठ वेळा आत गेला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मी अजून विसरलो नाही.

पण आई काही हलेना. तिचं म्हणणं सरळ होतं. नवरा आणि एक खलाशी होडीवर. मासळी किनाऱ्याला आणायला त्या दोघीच. पोर कॉलेजात गेली तर मासळी वाहायची कोणी आणि बोईसरच्या बाजारात ताजी पोचवायची कशी?

"आठवड्याचे सहा दिवस द्या," मी म्हणालो.

"दोन देते."

"दोन दिवसांत काय शिकेल ती? पाच."

"ओ भाव, मासली घेताना बी असंच करता का तुमी?" ती हसली, पण हिशेब तिच्या डोक्यात चालू होता. "आठवड्याचं मला सांगू नका. आमी आठवडा नाय जानत. पुनवेपास्नं चार दिस नि अवसेपास्नं चार दिस, उधानाची मासली येते, तवा पोर माजी. बाकीचे दिस तुमचे. हाय कबूल?"

महिन्याचे बावीस दिवस आपले. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. बाई पिशवीतून डायरी काढत होत्या, म्हणाल्या, "मामा, थांबा, जरा बघू या..."

"बघायचं काय त्यात? ठरलं," मी म्हणालो. "पुनव-अवसेचे चार दिवस सोडून. माझा शब्द."

"घाटावरचा शब्द," आई म्हणाली आणि पुन्हा बोंबलाची जोडी करायला लागली.

जूनमध्ये पोर कॉलेजात आली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे नारळी पुनवेपर्यंत ती रोज आली. मी छाती काढून फिरत होतो. चिखलात, अनवाणी, पाचही जणी खेळायच्या. बुटाची सवय तिला शेवटपर्यंत लागली नाही. बाईंनी आणलेले कॅनव्हासचे बूट ती गळ्यात अडकवून यायची आणि गळ्यात अडकवून परत न्यायची. स्टेशनमास्तरांची मुलगी पहिल्या दिवशी तिच्यापासून जरा लांब उभी राहिली होती. आठवड्यात दोघी एका डब्यातून जेवायला लागल्या. डबा अर्थात कोळणीचा.

होड्या पाण्यात गेल्या तशी पुनव-अवसेला ती दिसेनाशी झाली. चौघी सराव करायच्या आणि तिच्या जागी मी उभा राहायचो. मी फार वाईट खेळत नव्हतो. चेंडू एकदाच प्राचार्यांच्या खिडकीत गेला.

मग थंडीच्या सुरुवातीला पत्र आलं. सामना वसईला, अमुक तारखेला. मी ऑफिसातलं पंचांग उघडलं. त्याच दिवशी पौर्णिमा.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "तारीख बदलून मिळणार नाही. मामा, तुम्ही जाऊन तिच्या आईला विनंती करा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"विनंती करणार नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

"अहो, मी तेव्हा डायरी काढत होते ना?"

काढत होत्या. ते खोटं नाही. पण मी गेलो असतो आणि आईने सोडलंही असतं, तरी पुढे त्या कोळीवाड्यात घाटावरच्याच्या शब्दाला किंमत काय राहिली असती? आणि नाही गेलो तर चौघी मैदानात उतरणार आणि खांब निघणार. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "कुणावर रागावलाय?" मी सांगितलं नाही, कारण माझ्यावरच रागावलो होतो.

सामन्याच्या दिवशी पहिल्या गाडीने बोईसरला उतरलो आणि कोळीवाड्यात पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. पोर दारात बसून डोक्यावरची चुंबळ वळत होती. डोळे सुजलेले. आई पाट्या धूत होती.

मी म्हणालो, "आजचा दिवस तुमचा. मी मागायला आलो नाही."

"मंग कशाला आलाव?"

"तुम्हाला मासळी वाहायला माणूस पाहिजे. तो मी. पोरीच्या बदल्यात मी राहतो. चार दिवस म्हणालात तर चार दिवस. तिला आज वसईला जाऊ द्या."

आईने मला वरून खाली न्याहाळलं. मग शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिने आणखी दोघींना बोलावलं. चौघी मिळून मला बघायला लागल्या, जशी मी आणि बाईंनी तिची पोर बघितली होती.

"ह्यांना पानी ठावं हाय का?"

"घाटावर पानी असतं का?"

"पाय बघ, नुसते काटक्या."

आईने पाटीत ओली वाळू भरली, काठोकाठ. "ही घेऊन त्या होडीपर्यंत जा नि परत या. मंग सांगते."

खडी वाहिलेला माणूस मी. पण खडी वाहिली होती टणक जमिनीवर. वाळूत पाय रुतत होते, पाटीतून पाणी गळून डोळ्यांत जात होतं आणि मागून चार बायका वाट बघत होत्या की हा कधी पडतो. पडलो नाही. परत येऊन पाटी खाली ठेवली आणि धोतर झटकायच्या निमित्ताने वाकून दम घेतला.

"चालंल," आई म्हणाली. "लई चांगलं नाय, पन चालंल." आणि पोरीकडे वळून, "बसलीस काय? जा. एसटी जाईल."

पोर बूट गळ्यात अडकवून वाळूतून पळाली. तशी पळताना मी तिला मैदानातही बघितलं नव्हतं.

दुपारी भरतीला होड्या आल्या. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. लाट छातीवर आली की दम जायचा. पाटी डोक्यावर घेतली की बोंबलांचं थंडगार पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. पोरीचा बाप होडीतून सारखा विचारत होता, "पाटी टाकता का वर?" एकदा टाकली. ती होडीच्या पलीकडे पडली आणि खलाशाला उडी मारावी लागली. पुन्हा त्याने विचारलं नाही. बायका हसून हसून बेजार. एक म्हातारी म्हणाली, "अगो, ह्यांना सांजपर्यंत ठेव. मासली नाय आली तरी चालंल." दोन पाट्या मी पाण्यात सांडल्या. एका वेळी कोळंबी होती. हाताला लागली तेवढी आईने पाण्यातून गोळा केली.

पण मासळी वेळेत किनाऱ्याला लागली आणि बोईसरच्या बाजारात ताजी गेली. हे मी मुद्दाम लिहितो.

सामना मी बघितला नाही. दिवेलागणीला आई बाजारातून परतली आणि थोड्या वेळाने पोर आली. मी ओट्यावर बसलो होतो, मान वळत नव्हती. तिने उभ्या उभ्या सांगितलं. तीन गुणांनी हरलो. समोरच्या कॉलेजाच्या सहा जणी राखीव बसल्या होत्या, आपल्याकडे राखीव म्हणून फक्त बाई आणि पाण्याची कळशी. तिचे स्वतःचे चार फाउल झाले होते, पाचवा झाला असता तर बाहेर जावं लागलं असतं आणि मग चौघीच. शेवटची दहा मिनिटं बाई ओरडत होत्या की हात मागे ठेव. "हात मागं ठेवून कसं खेलायचं मामा? पन ठेवले. शिट्टी होईपर्यंत पाचजनी उभ्या होतो."

प्राचार्य वसईला स्वतः गेले होते. सामना पुरा झाल्यावर बाईंना एवढंच म्हणाले, की सायकल स्टँडसाठी दुसरी जागा बघू.

आईने हे सगळं मासळीची पाटी घासत ऐकलं. हरल्याचं तिला काही वाटलं नाही. मी उठलो, अंगाला मासळीचा वास, धोतराला खवलं, आणि म्हणालो, "उद्या सकाळी येतो. तीन दिवस राहिलेत अजून."

"नको," ती म्हणाली.

"शब्द आहे माझा."

"शब्द घाला चुलीत. कोलंबीची पाटी सांडलीत तुमी. असे तीन दिस अजून काडले तर मला दाराला कुलूप लावावं लागंल." मग पाटी उलटी ठेवून म्हणाली, "पुडचा खेल उधानाला असंल तर आदी सांगा. पोर धाडते मी. शेजारनीला घेईन हाताशी. फकस्त तुमी येऊ नका."

पुढच्या दोन वर्षांत तीन सामने उधाणात आले. तिन्ही वेळा पोर खेळली आणि तिन्ही वेळा मला सक्त निरोप होता की मी पालघरलाच राहावं. कोळीवाड्यात अजून सांगतात म्हणे की त्या घाटावरच्याने तीन पाट्या सांडल्या. दोनच सांडल्या होत्या. तिसरी भिरकावली तेव्हा रिकामी होती.